टेम्पोवर ‘इंटरनॅशनल’ लिहिण्याची सोपी रीत

साउंडच्या धंद्यात कोल्हापुरात कोणीही उतरू शकतो. दोन टॉप, चार बेस, एक मिक्सर, एक टेम्पो आणि वायरी गुंडाळायला मावसभाऊ, एवढं भांडवल पुरतं. पण टेम्पोच्या मागच्या फळीवर दुकानाच्या नावाखाली ‘इंटरनॅशनल’ हा शब्द रंगवून घ्यायचा असेल, तर एकदा तरी परदेशात कार्यक्रम करून यावं लागतं. करून यावं म्हणजे जाऊन यावं. तिथं आवाज कोणाला ऐकू आला का, हे बिंदू चौकातल्या फ्लेक्सवर कोणी लिहीत नाही.

हे मार्गदर्शन त्यासाठी आहे. लावणी, गोंधळ, पोवाडा आणि शेवटी हलगी असा कार्यक्रम घेऊन एखादा ग्रुप अमेरिकेला किंवा लंडनला निघालाय, व्हिसा झालेत आणि ग्रुपच्या मालकांनी तुम्हाला विचारलंय, “भावा, साउंडला येतोस काय?” एवढं तुमच्या पदरात पडलेलं आहे असं मी धरतो. शिवाय तुमच्याकडं पेटीत सहा कॉर्डलेस माइक आहेत. (आमच्या लायनीत ‘वायरलेस’ कोणी म्हणत नाही. वायरलेस पोलिसांचा. आपला तो कॉर्डलेस.)

मी स्वतः दोनदा जाऊन आलोय. शंका असेल तर टेम्पो बघा.

पायरी पहिली: माइक आपलेच न्या

दौरा ठरला की यजमान मंडळाच्या सांस्कृतिक समितीतल्या एखाद्या ताईंचा मेल येतो. हॉलचे स्वतःचे माइक आहेत, किती हातातले आणि किती कॉलरचे लागतील ते महिनाभर आधी कळवा, म्हणजे तिथल्या तंत्रज्ञाला फ्रिक्वेन्सी जुळवता येतील. या मेलला उत्तर देऊ नका. ताई भल्या असतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण उत्तर दिलंत तर त्या खरोखरच माइक ठेवतील, ते चालतील, आणि मग तुमच्या तिकिटाचे पैसे कशापायी घातले हा विचार मालकांच्या डोक्यात विमानातच सुरू होईल. फारच टोचणी लागली तर ‘आमचं सगळं आहे, चालतंय की’ एवढं कळवा. ‘चालतंय की’ हे कोल्हापूरचं सर्वात जुनं तांत्रिक प्रमाणपत्र आहे.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं, आणि त्यांची अधिवेशनं दर दोन वर्षांनी मोठमोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतात. म्हणजे तुमच्या आधी पुष्कळ मराठी कलाकार जाऊन आलेत आणि त्यातले बरेचसे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूही आलेत. त्यांच्या नादाला लागू नका. त्यांनी ताईंच्या मेलला उत्तरं दिली होती.

पायरी दुसरी: मागचा आकडा वाचू नका

कॉर्डलेसच्या रिसीव्हरला पुढं दिवे असतात आणि मागं स्टिकर. दिवे गिऱ्हाइकाला दाखवायचे. स्टिकरवर ‘640–690 मेगाहर्ट्झ’ नाहीतर ‘740–790’ असं मुंगीएवढ्या अक्षरात असतं, ते कोणी वाचायचं नसतं. मी पहिल्या दौऱ्याहून आल्यावर वाचलं आणि तेव्हापासून मला दुपारची झोप नाही. तुम्हाला झोप प्यारी असेल तर इथून थेट तिसऱ्या पायरीवर उतरा.

राहिलात? मग ऐका. आपली समजूत अशी, की हवा कोणाच्या बापाची नाही. अमेरिकेत हवेचे सातबारे निघालेत. 2017 साली तिथल्या सरकारनं टीव्हीच्या लहरींमधला 600 मेगाहर्ट्झचा पट्टा लिलावात काढला, जवळजवळ वीस अब्ज डॉलरचा सौदा झाला, टीव्ही स्टेशनं खाली सरकली आणि वरच्या रानाला मोबाइल कंपन्यांनी कुंपण घातलं. माइकवाल्यांना गाशा गुंडाळायला दिलेली मुदत 13 जुलै 2020 ला संपली. तेव्हापासून 617 ते 652 आणि 663 ते 698 या पट्ट्यांत माइक लावणं तिथं बेकायदा आहे. 698 च्या वरचं तर 2010 मध्येच गेलं होतं. म्हणजे तुमचा 740–790 चा सेट विमानातून उतरतो तोच अतिक्रमण म्हणून. 640–690 वाल्याला दोन कुंपणांमधला एक बोळ उरतो. त्यातही बिनपरवान्याच्या पाहुण्याला 657 ते 663, जेमतेम सहा मेगाहर्ट्झ. नवरात्रात महाद्वार रोडवरनं रिक्षा घालायची तेवढीच जागा.

लंडनची तऱ्हा वेगळी. तिथं 606.5 ते 613.5 हा पट्टा माइकवाल्यांसाठी राखलेला आहे. तिथल्या लहरींच्या खात्याकडून, म्हणजे ऑफकॉमकडून, लायसन काढायचं आणि देशभर कुठंही लावायचा. चांगला नियम. तो मनात धरून पुढच्या वर्षी तेच माइक घेऊन अमेरिकेला गेलात, की 608 ते 614 हा पट्टा तिथं रेडिओ दुर्बिणींना आणि दवाखान्यातल्या पेशंटांच्या छातीवरच्या यंत्रांना दिलेला आढळेल. लंडनला पैसे भरून सन्मानानं वाजवलेली तीच लावणी अमेरिकेत आयसीयूच्या हद्दीत शिरते.

लंडनला 863 ते 865 हा अडीच-तीन माइकांपुरता तुकडा बिनपरवान्याचा आहे, युरोपातही आहे. तो अमेरिकेत नाही. आपल्याकडं भारतात 865 ते 868 लायसनमुक्त आहे, म्हणजे युरोपातला तुकडा संपतो तिथं आपला सुरू होतो. ही आखणी बघून मला आमच्या चुलत्यांच्या बांधाची आठवण होते.

आणि आपल्या घरचं काय? घरी आपण राजे. तारेचे आणि वायरलेसचे कायदे, दिल्लीत संचार भवनात बसणारं लहरींचं खातं, हे सगळं आहे म्हणतात. पण कोल्हापुरात साउंडवाल्याला ‘परवाना’ म्हटलं की रात्री दहाची परवानगी एवढंच आठवतं. हल्ली गणपतीत 740–790 चा सेट मधेच खरखरतो, आवाज तुटतो, आणि आपण पोराच्या डोक्यात टपली मारतो. पोराची चूक नाही. 2022 च्या लिलावात 700 चा पट्टा इथंही विकला गेला. मोबाइलवाले आलेत, फक्त कुंपण आपल्याला दिसत नाही.

एवढं वाचून तुम्ही लक्ष्मीपुरीत जाऊन नवा सेट मागाल. दुकानदार 2.4 गिगाहर्ट्झचा डिजिटल काढून ठेवेल आणि म्हणेल, जगात कुठंही चालतो. तो खोटं बोलत नाही. तो पट्टा जवळपास सगळ्या जगात मोकळा आहे, म्हणूनच हॉलचं वायफाय, प्रेक्षकांचे ब्लूटूथ, शेजारच्या खोलीतलं लहान मुलांचं रिमोटचं खेळणं, सगळे तिथंच मुक्कामाला असतात. धर्मशाळेत जागा मिळते, झोप मिळत नाही.

पायरी तिसरी: पेटी भरा

परदेशात सामान नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट नावाचा कागद असतो. भारतात तो ‘फिक्की’ देते. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव, वजन, किंमत आणि सिरियल नंबर लिहायचा. इथं नवशिके अडतात, कारण आपल्या सेटवर सिरियल नंबरच्या जागी ‘क्यूसी पास’ असं गोल स्टिकर असतं आणि सहाही सेटवर तेच असतं. सहा वेळा ‘क्यूसी पास’ लिहा. सेल, चिकटपट्टी अशा तिकडंच संपणाऱ्या वस्तू कार्नेटात घालता येत नाहीत, म्हणजे दौऱ्यात ज्या वस्तूंचा खरोखर उपयोग होतो त्यांची कुठंच नोंद राहत नाही.

चार्जिंगचे लिथियमचे सुटे सेल हातातल्या बॅगेत ठेवायचे, पेटीत नाही. हा विमानाचा नियम आहे, इथं मी चेष्टा करत नाही.

कमरेच्या डब्या मात्र कुठंही ठेवल्या तरी त्यांचं स्वागत होतंच. डोळ्यांसमोर आणा: काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली मुठीएवढी डबी, तिच्यातून निघालेली बारीक वायर, टोकाला तांदळाएवढा मणी, वर लोंबणारं एरियल, आणि अशा चार डब्या रबरबँडनं एकत्र बांधलेल्या. यंत्रातून बॅग गेली की पट्टा थांबतो. “हे काय आहे?” असं विचारलं की नवशिका घाबरून काहीतरी पुटपुटतो. तुम्ही ताठ मानेनं सांगा, “ट्रान्समीटर.” मी सांगितलं. त्यामुळं मला विमानतळाची एक वेगळी खोली आतून बघायला मिळाली, जी ग्रुपमधल्या बाकीच्या चौदा जणांनी अजून बघितलेली नाही.

पेटीचं वजन तेवीस किलोच्या वर गेलं तर काय काढायचं यावर काउंटरवरच वाद होतो. वहिनींनी दिलेली कांदा-लसूण चटणी काढू नका. तिकडं गेल्यावर शंभर टक्के चालेल अशी पेटीत तेवढीच एक वस्तू असते.

अडॅप्टरचं एका वाक्यात सांगतो. आपल्याकडं 230 व्होल्ट, अमेरिकेत 120. जुना जड काळा अडॅप्टर तिकडं लावलात तर रिसीव्हरचा दिवा देवघरातल्या समईसारखा तेवतो, आणि त्याच्याकडं बघून हात जोडण्यापलीकडं काही करता येत नाही.

पायरी चौथी: डबी बांधा

हा विषय खोल आहे.

नऊवारीत ट्रान्समीटर ठेवायला जागा एकच, पाठीमागं कमरपट्ट्याच्या आत. वायर ब्लाउजच्या आतून वर, आणि मणी केसात किंवा कानाच्या मागून गालावर. हे काम ग्रुपमधल्या ताईंनी करायचं, तुम्ही विंगेबाहेर थांबून सूचना ओरडायच्या. आता डबीतून एरियल खाली लोंबत राहतं. 600 मेगाहर्ट्झची लहर साधारण अर्धा मीटर लांब, तिच्या चतुर्थांशाचं एरियल, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. ते सरळ, मोकळं, अंगापासून सुटं राहावं म्हणून कारखानदारानं तेवढं ठेवलेलं असतं. पण मागून फोटोत दिसतं. म्हणून ते दुमडून कमरपट्ट्यात कोंबा. माणसाचं अंग म्हणजे बहुतांश खारं पाणी, आणि खारं पाणी लहरी पिऊन टाकतं. लावणीची उठावण झाली, बाई प्रेक्षकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या, की डबी पाठीला, रिसीव्हर समोर आणि मधे अख्ख्या बाई. आवाज गेला. गिरकी घेतली, पाठ प्रेक्षकांकडं झाली, की आवाज आला. पुन्हा वळल्या, पुन्हा गेला. प्रेक्षक हे नवीन पद्धतीचं सादरीकरण समजून टाळ्या वाजवतात. मी स्वतः ऐकल्यात.

घाम हा दुसरा शत्रू. दहा मिनिटांच्या लावणीत पाठीवरून जेवढा घाम उतरतो त्यात डबी पोहते. जगभरच्या संगीत नाटकवाल्यांनी यावर काढलेला उपाय मेडिकलच्या दुकानात मिळतो, कुटुंबनियोजनाच्या कप्प्यात. डबीवर चढवायचा, तोंडाशी गाठ मारायची, वायर बाहेर. हा उपाय खरा आहे आणि चालतो, तेव्हा तो वापरण्यापूर्वी विचार करा. मी राजारामपुरीत एका दुकानात तीन डझन मागितले. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. “कार्यक्रमासाठी पाहिजेत,” मी खुलासा केला, “सगळा ग्रुप अमेरिकेला चाललाय.” त्यानंतर त्या गल्लीतून मी टेम्पो नेत नाही.

कॉलर माइकची पिन ही आणखी एक मौज. शुअरच्या डबीला चार टोकांची बारीक गोल पिन लागते, सेनहायझरच्या छोट्या डबीला आट्याची साडेतीन मिलिमीटरची. तेव्हा शेवटच्या क्षणी आपल्या डब्या बंद पडल्या आणि यजमानांनी हॉलच्या डब्या पुढं केल्या, की आपला माइक त्यात बसत नाही हे विंगेत उभं राहून, बॅटरी तोंडात धरून शोधून काढा. तोवर बाहेर निवेदक दुसऱ्यांदा शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करून वेळ काढत असतो. त्याच्याबद्दल मला खरी कणव आहे.

हलगीला माइक लावू नका असं मी सांगणार नाही. पंचगंगेच्या घाटावर वाजलेली हलगी शुक्रवार पेठेत ऐकू येते. तिला कॉर्डलेस माइक लावणारा माणूस मी पाहिलाय. आरशात.

पायरी पाचवी: नंबर ओळीनं द्या

सहा माइकांना सहा फ्रिक्वेन्सी लागतात. त्या शाळेतल्या हजेरीसारख्या ओळीनं द्या: 650, 651, 652, 653, 654, 655. दिसायला छान, लक्षात ठेवायला सोपं. यात काय होतं ते पाटीवर मांडून बघा. 651 ची दुप्पट 1302. त्यातून 650 वजा केले की 652. म्हणजे पहिला आणि दुसरा माइक शेजारी आले की त्या दोघांतून एक भूत जन्मतं, आणि ते नेमकं तिसऱ्या माइकच्या पाटावर जाऊन बसतं. सहा माइकांत नुसती दोघादोघांची अशी तीस पिल्लं होतात. तिघातिघांची मी मोजायची सोडून दिली. अंतरं वेडीवाकडी ठेवली तर ही पिल्लं रिकाम्या जागी पडतात आणि कोणाला त्रास होत नाही. मोठ्या हॉलमध्ये हे गणित मांडण्यासाठी पगारी माणूस असतो, त्याला फ्रिक्वेन्सी कोऑर्डिनेटर म्हणतात. तो सकाळी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडं येईल आणि नम्रपणे यादी मागेल. त्याला चटणी द्या.

ट्रान्समीटर एकमेकांजवळ आले की पिल्लं जोमानं वाढतात. म्हणून शेवटच्या गाण्याला सगळ्या कलाकारांनी हातात हात घालून, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, अशी प्रथा आपल्या लोककलेत पूर्वीपासून असावी, इतकी ती सोयीची आहे.

पायरी सहावी: साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये उरका

सकाळी दहाला हॉल मिळतो. खुर्च्या मोकळ्या, एसी सुरू, सगळीकडं शांतता. माइक घ्या, “हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन” म्हणा. काय आवाज येतो! खणखणीत. कोपऱ्यापर्यंत चालत जा, बाल्कनीत जा, जिना उतरा, कुठंही तुटत नाही. मालक पाठीवर थाप मारतात: “नाद खुळा!” यानंतर काहीही तपासू नका. जेवायला जा.

संध्याकाळी दारं उघडतात आणि दीड हजार माणसं आत येतात. त्यांच्या खिशात दीड हजार फोन येतात. आता ज्यांनी दुसरी पायरी वाचली त्यांना आठवेल, 663 ते 698 हे कुंपण मोबाइल कंपन्यांचं. त्यातही बारकावा असा, की या पट्ट्यात टॉवर बोलत नाही, फोन बोलतो. टॉवर खालच्या पट्ट्यात, दूर कुठंतरी. फोन इथं, तुमच्या रिसीव्हरपासून दहा फुटांवर, पहिल्या रांगेतल्या काकांच्या हातात. लावणी सुरू झाली की काका फोन उंच धरतात आणि थेट कोथरूडला आपल्या बहिणीला दाखवायला लागतात. त्यांच्यामागं चारशे जण तेच करतात. तुमचा सेट 670 वर असेल तर त्या घटकेला स्टेजवरच्या बाईंपेक्षा कोथरूडची बहीण तुमच्या स्पीकरला जवळची. सकाळी जे चाललं ते संध्याकाळी का चाललं नाही, याचं उत्तर मला दोन दौरे आणि एक विमा न उतरवलेला मिक्सर गमावून मिळालंय. तुम्हाला फुकट देतोय. वापरू नका.

पायरी सातवी: कार्यक्रमात चेहरा कसा ठेवावा

आवाज जाणारच आहे. नवशिक्याला वाटतं, आता आपली लाज गेली. मुळीच नाही. साउंडवाल्याची लाज चेहऱ्यात असते आणि चेहरा आपल्या हातात असतो.

खरखर सुरू झाली की ताबडतोब मिक्सरची कुठलीही एक वायर उपटून पुन्हा घाला. माइकला वायर नाही हे प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. मग वर छताकडं बघा. मग तिथल्या स्थानिक तंत्रज्ञाकडं बघा, आणि बघतच राहा, म्हणजे पहिल्या दहा रांगाही त्याच्याकडं बघायला लागतील. तो बिचारा स्वतःचे माइक घेऊन सकाळपासून तयार बसलेला असतो. मध्यंतरात मालक आले की तीन शब्दांपैकी एक म्हणा: ‘व्होल्टेज’, ‘सॅटेलाइट’ किंवा ‘यांच्याकडलं सिस्टीमच वेगळं’. शेवटचं वाक्य खरं आहे, पण तुम्ही ते ज्या सुरात म्हणाल त्यात खरं वाटणार नाही.

एका धोक्यापासून मात्र सावध करतो, कारण या धोक्यानं माझा दुसरा दौरा जवळजवळ बुडवला होता. पोवाड्याच्या मध्यावर माइक मेला. मी वायर उपटली, छताकडं बघितलं. आमच्या शाहिरांचं वय तेव्हा साठीच्या पुढं. त्यांनी माइककडं एकदा बघितलं, तो खाली स्टेजवर ठेवला, फेट्याचा शेव मागं टाकला, डफ उचलला आणि पट्टी वर चढवून नुसत्या गळ्यानं म्हणायला लागले. दीड हजारांचा हॉल. फोन खाली आले. बाल्कनीतून ‘जी जी रं जी’ला साथ मिळाली. मी मिक्सरवर हात ठेवून उभा होतो आणि माझ्या हाताखाली एकही दिवा हलत नव्हता.

याची पूर्वतयारी कोल्हापुरानं फार आधी करून ठेवली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं ते 1915 च्या सुमाराला. शेजारी खासबाग मैदान. तिथं कुस्ती, इथं गाणं, दोन्हीकडं दम छातीतला. ज्या केशवराव भोसल्यांचं नाव पुढं त्या थिएटरला दिलं, ते इथलेच, 1890 चा जन्म, 1921 साली गेले; एकतीस वर्षांच्या आयुष्यात गळ्यात कुठलीच डबी नव्हती, पाठीवर एरियल नव्हतं, आणि त्यांच्या तानेला 600 च्या पट्ट्यात कोणी कुंपण घालू शकलं नसतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते थिएटर जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. सकाळी मी तिथं जाऊन उभा राहिलो, तर साउंडच्या धंद्यातली आम्ही निम्मी माणसं रस्त्यावर होतो आणि कोणीच बोलत नव्हतं. त्या विंगेत मी पहिल्यांदा वायर गुंडाळायला शिकलो होतो.

असो. मुद्दा असा, की शाहिराला माइक खाली ठेवू देऊ नका. त्यामुळं मालकांच्या मनात नको ते विचार येतात.

पायरी आठवी: परत या

उजळाईवाडी विमानतळावर हार घेऊन चार माणसं आणि हलगी हजर राहतील याची व्यवस्था जाण्यापूर्वीच करा. फ्लेक्सवर तुमचा फोटो मिक्सरवर हात ठेवलेला असावा, मागं परदेशी हॉलची झुंबरं. खाली ‘अमेरिका दौरा यशस्वी केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि शुभेच्छुकांचे बावीस फोटो. यशस्वी म्हणजे काय ते कोणी विचारत नाही. विचारलंच तर ‘तिकडं लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते’ म्हणा. हे खरं आहे. शाहिरांसाठी वाजवत होते.

टेम्पोवर रंगारी बसवा. ‘इंटरनॅशनल’मध्ये ‘ट’ला जोडलेला ‘र’ नसतो, हे त्याला आधी कागदावर लिहून दाखवा. माझ्या टेम्पोवर तो अजून आहे.

आणि सत्कार. सत्काराला नाही म्हणू नका. एखाद्या मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी, शाल, श्रीफळ, फेटा. साउंड अर्थातच आपलाच: तोच दौऱ्यावरून आलेला, 640–690 चा, ‘क्यूसी पास’ सेट. लक्षात असू द्या, की कोल्हापुरातल्या निम्म्या साउंडवाल्यांनी तोच सेट त्याच दुकानातून घेतलेला असतो, चॅनेलही कारखान्यातून आलेलं तसंच ठेवलेलं असतं, आणि रविवारी तिथीला शेजारच्या कार्यालयात लग्न असतं.

प्रास्ताविक होईल. पाहुणे तुमचा गौरव करतील. मग निवेदक म्हणेल, आता सत्कारमूर्तींनी परदेशातल्या अनुभवाबद्दल दोन शब्द बोलावेत. शांतपणे उठा, फेटा सावरा, कॉर्डलेस हातात घ्या, खटका वर करा, घसा खाकरा.

स्पीकरमधून खणखणीत आवाज येईल, अजिबात न तुटता, न खरखरता:

“मुहूर्ताची वेळ जवळ आली आहे. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन ताबडतोब मांडवात यावं.”

सगळा हॉल तुमच्याकडं बघेल. माइक खाली ठेवा आणि निघा. मामा तुम्हीच.